उजनीवरच्या बोटीला फिशफाइंडर बसवताना

दादा, ड्रिल आधी बाजूला ठेवा. फिशफाइंडर, म्हणजे बोटीखालची खोली आणि मासे स्क्रीनवर दाखवणारं यंत्र, तात्पुरतं बांधून उजनी धरणावर एक फेरी मारा, भोकं नंतर.

वायर थेट बॅटरीवरून घ्या आणि प्लसच्या टोकापासून वीतभरात फ्यूज टाका. छोट्या यंत्रांना बहुधा ३ अँपिअरचा, तरी मॅन्युअल बघा. स्टार्टरच्या वायरीला जोडलंत तर सेल्फ मारताच व्होल्टेज पडतं, स्क्रीन बंद!

नवखे चुकतात ते ट्रान्सड्यूसरपाशी, म्हणजे पाण्यात आवाजाच्या लहरी सोडून त्यांचा प्रतिध्वनी टिपणाऱ्या भागापाशी. तो इंजिनाच्या पंख्यापासून हातभर लांब, फायबरच्या बोटीत तळाच्या साधारण ३ मिलिमीटर खाली हवा. वर राहिला की वेगात खालून बुडबुडे जातात, खोलीचा आकडा नाचतो.

केबल उरली तर कापू नका, गुंडाळून बांधा. भोकांत मरीन सीलंट भरा, म्हणजे पाणी आत शिरणार नाही.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की नकाशातली खोली धरू नका, स्क्रीनवरची बघा.