गरीब आईबाप मुलांच्या भविष्याचा विचारच करत नाहीत का?

तुम्ही विचारलंय की गरिबीचा मुलांच्या वाढीवर खरंच एवढा परिणाम होतो का, की ती नुसती सबब आहे. आणि होतच असेल तर गरीब आईबाप पोराला शाळेतून काढणं, व्याजाने पैसे उचलणं असले निर्णय का घेतात. दुसऱ्या भागापासून सुरुवात करतो, पहिल्याचं बरंचसं उत्तर त्यातच येईल.

मी दहा वर्षांचा असताना मला फळ्यावरचं दिसेनासं झालं. शेजारच्या मुलाच्या वहीतून उतरवून घ्यायचो, तो आला नाही की नुसता बसून राहायचो. दीड वर्ष घरी बोललो नाही. आई रात्री माझ्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर कोणाचं किती द्यायचंय ते लिहायची. पेन्सिलीने, म्हणजे खोडता यावं. एक आकडा इतक्यांदा खोडला गेला होता की तिथे कागदाला भोक पडलं होतं. त्या यादीत चष्म्याची ओळ घालायची माझी हिंमत झाली नाही. प्रगतिपुस्तकात शेरा आला, ‘वर्गात लक्ष नसते.’ गप्प राहा असं मला कोणी सांगितलं नव्हतं. निर्णय माझा होता, आणि ती वही बघून तेव्हा तो मला चांगला शहाणपणाचा वाटला होता.

गरीब घरातले निर्णय असेच असतात. बाहेरून आखूड बुद्धीचे दिसतात, कारण त्यांची मुदतच आखूड असते. मूल हाताशी यायला वीस वर्षं लागतात, उधारी मात्र आठ दिवसांत फेडायची असते. कमावता माणूस आजारी पडला आणि गाठीला काहीच नसलं, की मोठ्या पोराची मजुरी ही त्या घराची एकमेव विमा पॉलिसी असते. शाळेचा फायदा दहा वर्षांनी, तोही शिक्षण पुरं झालं तर. मोठी मुलगी असेल तर धाकट्यांना सांभाळायला ती घरी राहते आणि आईला कामावर जाता येतं. तिघांना अर्धवट शिकवायचं की एकालाच पुढे काढायचं, हा हिशोब अशा घरात कोणी मोठ्याने मांडत नाही, पण तो झालेला असतो. ‘त्यांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही’ असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो, तो यामुळे. कळत असतं. पण त्या महिन्यात परवडत नाही.

शिवाय सततच्या ओढाताणीत डोकंही थकतं. आनंदी मणी, सेंधिल मुल्लईनाथन, एल्डार शफीर आणि जियायिंग झाओ यांनी २०१३ साली ‘सायन्स’मध्ये एक अभ्यास छापला. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांना त्यांनी तोडणीच्या आधी आणि नंतर तीच कोडी घातली. आधी हातात पैसा नाही, डोक्यावर उधारी. नंतर उसाचे पैसे आलेले. माणूस तोच, पण तोडणीआधी त्याची कामगिरी सरळसरळ खालावलेली. तेव्हा ‘ते विचार करत नाहीत’ हे निम्मं खरंही असेल, पण त्यातलं कारण कुठलं आणि परिणाम कुठला तेवढं उलटं लावू नका.

आता मुलांकडे. गर्भात राहिल्यापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे हजारेक दिवस सगळ्यात नाजूक. बाळाचं शरीर आराम करत असताना जेवढी ऊर्जा खर्च करतं, त्यातली निम्म्याहून जास्त एकटा मेंदू खातो. तेव्हा आहार कमी पडला, लोह कमी पडलं, अशुद्ध पाण्याने पुनःपुन्हा जुलाब झाले, तर उंची खुंटते आणि शिकण्यातही मूल मागे पडतं. हे बहुतेकांना माहीत असतं, म्हणून जास्त लिहीत नाही.

कमी माहीत असलेली गोष्ट जमैकातली. १९८६-८७ मध्ये किंग्स्टनला वाढ खुंटलेली १२९ बाळं निवडली होती. काहींना पूरक आहार दिला. काहींच्या घरी दोन वर्षं दर आठवड्याला आरोग्यसेविका तासभर जायची आणि घरीच बनवलेल्या खेळण्यांनी बाळाशी कसं खेळायचं, कसं बोलायचं ते आईला दाखवायची. वीस वर्षांनी पाहिलं तर या खेळलेल्या मुलांची कमाई तशाच इतर मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त होती. नुसत्या आहाराचा असा परिणाम तेव्हा दिसला नाही. म्हणजे गरिबीत पोटाइतकीच बाळाशी बोलायला उसंत असलेल्या माणसाचीही वानवा असते.

आणि भरवशाचीसुद्धा. समोरचा गोड खाऊ लगेच खाल्ला नाही तर दुप्पट मिळेल, ही संयमाची चाचणी तुम्ही ऐकली असेल. २०१३ मध्ये सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी २८ लहान मुलांवर तिच्यात एक मेख मारली. आधी मुलांना चित्रकलेचं चांगलं साहित्य आणून देतो म्हणून सांगितलं. निम्म्यांना ते आणून दिलं, निम्म्यांकडे मोठी माणसं हात हलवत परत आली. मग खाऊची चाचणी. शब्द पाळलेला पाहिलेली मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, फसलेली ३ मिनिटं. ज्या घरात ‘पुढच्या महिन्यात घेऊ’ याचा अर्थ बहुधा ‘नाही’ असाच निघतो, तिथलं मूल समोर आलेलं उचलत असेल तर ते अधाशी कसं?

मग पैसे दिले की झालं का? अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामध्ये १९९६ साली चेरोकी या तिथल्या मूळ रहिवासी जमातीचा कॅसिनो (जुगारघर) सुरू झाला आणि नफ्यातून जमातीतल्या प्रत्येकाला बिनशर्त रक्कम मिळू लागली. जी घरं त्यामुळे गरिबीच्या वर आली, तिथल्या मुलांचं बंड, मारामाऱ्या कमी झाल्या. आईबापांना मुलांकडे बघायला वेळ मिळाला हे त्याचं एक कारण निघालं. उलट अमेरिकेतच दुसऱ्या शहरांत अलीकडे नवजात बाळांच्या आयांना महिन्याला ३३३ डॉलर देऊन पाहिले, तर चौथ्या वर्षी मुलांमध्ये ठळक फरक दिसला नाही. मधे महामारी येऊन गेली, तिने चित्र किती बिघडवलं यावर वाद आहे. माझं मत विचाराल तर पैसा द्यावाच, पण दर महिन्याला तोच आकडा बोटाने वर्षानुवर्षं मोजता यावा असा द्यावा. एकदाच हातात पडलेली मोठी रक्कम जुन्या देण्यातच विरते.

माझ्या चष्म्याचं सांगायचं राहिलं. एका बाईंनी मला पुढच्या बाकावर बसवून पाहिलं आणि आईला बोलावलं. आई रागावली नाही, चार दिवसांत चष्मा आला. त्या रात्री मी वही उघडून पाहिली. यादीत नवीन ओळ नव्हती. एक जुनी खोडलेली होती, धाकट्याच्या बुटांची.