डॉक्टरांना कळवीन. आणि तोपर्यंत?

वाचकांचे प्रश्न : नर्सिंगच्या मुलाखती

प्रश्न : जीएनएमचं (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) शेवटचं वर्ष संपलं. चिपळूणला स्टाफ नर्सच्या जागेसाठी मुलाखत आहे. 'स्वतःबद्दल सांगा' म्हटलं की माझी गाडी अडते. इंग्रजीतच बोलावं लागतं का?
– एक वाचक, लांजा

उत्तर : गाव, घरची माणसं, आवडीनिवडी यांत वेळ घालवू नका. कोर्स कुठे केला, कोणत्या वॉर्डात किती आठवडे पोस्टिंग झालं, स्वतःच्या हाताने काय काय केलंय आणि नाइटला तयार आहात का, एवढं मिनिटभरात सांगा. यातला तिसरा मुद्दा खरा. 'सगळं येतं' म्हणालात की मेट्रन (नर्सिंगच्या प्रमुख) तिथेच धरतात : कॅथेटर (लघवीची नळी) टाकलंय? कितव्या नंबरचं? नळी आत टिकवणाऱ्या फुग्यात काय भरलं? प्रौढ बाईला साधारण 14 किंवा 16 नंबरचं फोलीज कॅथेटर लागतं. लघवी दिसल्यावरच फुगा फुगवायचा, तोही डिस्टिल्ड वॉटरने. किती मिली ते कॅथेटरवरच छापलेलं असतं. सलाईन भरलं तर क्षार जमून काढताना फुगा रिकामा होत नाही. हे 'का' सांगता आलं की समोरच्यांना कळतं, मुलीने काम केलंय. नुसतं पाहिलं असेल तर 'पाहिलंय, सिनियर सिस्टर सोबत असतील तर करीन' म्हणा. त्याने कुणी नापास होत नाही.

शब्द इंग्रजी, वाक्य मराठी, असंच वॉर्डात चालतं आणि मुलाखतीतही चालतं. उलट सिंधुदुर्गात मालवणी येणं जमेची बाजू आहे. आजी 'माका गरगरता' म्हणाली की बाहेरून आलेल्या डॉक्टरांना ते समजावून सांगणारं कुणीतरी लागतंच.

प्रश्न : इमर्जन्सीचे प्रश्न आले की मी 'डॉक्टरांना कळवीन' म्हणते आणि पुढे सुचत नाही. दोनदा असं झालं. कसली तयारी करू?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : उत्तर चुकीचं नाही, अर्धं आहे. पुढचा प्रश्न ठरलेला : 'डॉक्टर दहा मिनिटांत येतील, तोपर्यंत?' त्या दहा मिनिटांतली तुमच्या हाताची कामं क्रमाने सांगता यायला हवीत. कोकणात सर्पदंश हमखास विचारतात, म्हणून तोच घेऊ.

भातकापणीचे दिवस, पायाला दंश, घरच्यांनी मांडीला दोरी करकचून आवळलेली. पहिली चूक इथेच होते : उमेदवार म्हणते, 'दोरी सोडीन.' एकदम सोडली तर अडलेलं विष एकाच वेळी शरीरात जातं आणि पेशंट कोसळू शकतो. आधी श्वास, नाडी, बीपी, ऑक्सिजन सॅच्युरेशन. मग दंश नसलेल्या हातापायात इंट्राकॅथ (सलाईनसाठी शिरेत बसवायची नळी). डॉक्टर शेजारी आणि औषधं तयार असतील तेव्हाच दोरी सैल करायची. दरम्यान पैंजण, जोडवी, अंगठ्या काढा, पाय हलू देऊ नका, सूज जिथवर आली तिथे पेनाने रेघ मारून वेळ लिहा. जखम कापायची नाही, चोळायची नाही.

मग 20 मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी. स्वच्छ, कोरड्या काचेच्या टेस्ट ट्यूबमध्ये शिरेतलं ताजं 2 मिली रक्त घ्यायचं, 20 मिनिटं हात लावायचा नाही, मग एकदाच तिरकी करून बघायची. रक्त ओघळलं म्हणजे गोठलेलं नाही. फुरसं किंवा घोणस असेल तर असं होतं. ट्यूब प्लास्टिकची असेल किंवा साबणाने धुतलेली असेल तर धडधाकट माणसाचं रक्तही गोठत नाही आणि निष्कर्ष चुकतो. हे बारकावे सांगणारी उमेदवार क्वचितच भेटते.

नाग किंवा मण्यार असेल तर पापण्यांकडे बघायचं. मण्यारीच्या दंशाची खूण बहुधा दिसतसुद्धा नाही. झोपेतून उठलेला माणूस पोट दुखतंय म्हणत येतो आणि काही वेळाने पापण्या जड होतात. एका श्वासात कुठपर्यंत आकडे मोजता येतात ते दर थोड्या वेळाने विचारून लिहून ठेवा. आकडा खाली यायला लागला की श्वासाचे स्नायू थकताहेत.

अँटी स्नेक व्हेनमचा (सर्पविषावरच्या इंजेक्शनचा) निर्णय डॉक्टरांचा, तयारी तुमची. पहिला डोस साधारण 10 व्हायल्स (औषधाच्या छोट्या बाटल्या), सलाईनमधून तासाभरात, आणि मुलाला तो मोठ्यांइतकाच, कारण विष तेवढंच असतं. पावडर विरघळवताना व्हायल हलकेच गोल फिरवा. जोरात हलवली की फेस येतो. टेस्ट डोस देत नाहीत. सुरू करण्याआधी, रिॲक्शन आली तर लागणारं ॲड्रेनालीन सिरिंजमध्ये भरून तयार हवं : प्रौढाला 0.5 मिग्रॅ, मांडीच्या स्नायूत. खाज, अंगावर गांधी, उलटी, धाप यांतलं काहीही दिसलं की आधी ड्रिप बंद, मग डॉक्टरांना हाक आणि ॲड्रेनालीन पुढे. 'हाक मारीन' आधी सांगून ड्रिप चालूच ठेवणारे बरेच असतात.

हीच पद्धत लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), झटके, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव यांना लावून घरी मोठ्याने बोलून बघा.

प्रश्न : थेंबांचं गणित तोंडी विचारतात. कागद न घेता कसं जमवायचं?
– एक वाचक, अलिबाग

उत्तर : मिली गुणिले थेंबांचा आकडा (सलाईनच्या सेटमधून 1 मिलीला किती थेंब पडतात तो), भागिले मिनिटं. 500 मिली 8 तासांत द्यायचं, सेट 20 थेंबांचा : 10,000 भागिले 480, म्हणजे मिनिटाला 21 थेंब. गणितापेक्षा सेट विचारायला विसरणं जास्त महागात पडतं. मायक्रो सेटला 60 थेंबांचा 1 मिली होतो, तिथे 21 थेंब सोडले तर पेशंटला तिसरा हिस्साच जाईल. म्हणून आधी 'सेट कोणता?' असं उलट विचारा.

मुलांच्या सिरपचंही तसंच. 10 किलोचं मूल, पॅरासिटामॉल किलोला 15 मिग्रॅ, म्हणजे 150. बाटलीवर 5 मिलीत 125 लिहिलं असेल तर 6 मिली, 250 असेल तर 3. लेबल वाचल्याशिवाय आकडा बोलू नका. आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ मनगटावर असू द्या. वॉर्डात नेऊन मोजायला लावतात.

प्रश्न : लग्नानंतर 6 वर्षं घरी होते. आता नोकरी हवी आहे. गॅपबद्दल काय सांगू?
– एक वाचक, मालवण

उत्तर : मुलं लहान होती, एवढंच. माफीच्या सुरात बोलू नका. त्याआधी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी बघा. दर 5 वर्षांनी तिचं नूतनीकरण लागतं, म्हणजे तुमची मुदत उलटली असणार. 'प्रोसेसमध्ये आहे' म्हणायचं तर अर्जाची पावती फाईलमध्ये हवी.

गॅपवाल्यांना हॉस्पिटलच्या कचऱ्याच्या डब्यांचे रंग हटकून विचारतात. 2016च्या नियमांप्रमाणे रक्ताचा कापूस पिवळ्यात, हातमोजे आणि सलाईनची नळी लालमध्ये, सुई पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात, काचेची व्हायल निळ्यात. सुईसकट सेट हातात देऊन 'कुठे टाकाल?' विचारतील. सुई वेगळी करून पांढऱ्यात, नळी लालमध्ये. सुईला टोपण परत लावायला गेलात तर मुलाखत तिथेच संपली समजा.

मूळ सर्टिफिकेटं दाखवायला न्या, पण ठेवायला मागितली तर साक्षांकित झेरॉक्स द्या. बॉण्ड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) असेल तर किती महिन्यांचा आणि मध्येच सोडलं तर काय, हे सही करण्याआधी वाचून घ्या; घरी नेऊन वाचायला मागितलं म्हणून चांगलं हॉस्पिटल नाराज होत नाही.