अवधानाचा अभ्यास सुरू करताना

तुम्ही अवधान, म्हणजे लक्ष देणे, या विषयाला नुकतीच सुरुवात केली आहे, म्हणून सुचवतो की आधी एका संध्याकाळी नागपूरच्या सीताबर्डी बाजाराच्या गर्दीत कोणाशी तरी बोलत उभे राहावे. विक्रेत्यांच्या आरोळ्यांतूनही समोरच्याचे वाक्य कळते. शेजारचे दोघे काय बोलले, हे मात्र सांगता येत नाही.

संशोधक कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये दोन कानांत दोन वेगळे मजकूर ऐकवून त्यांपैकी एकच मोठ्याने उच्चारत राहण्यास सांगितले, तेव्हा दुसऱ्या कानातला आवाज पुरुषाऐवजी स्त्रीचा झाल्याचे लोकांना कळले, पण मजकूर जवळजवळ कळलाच नाही. यावरून मेंदू नको तो आवाज पूर्णपणे अडवतो, असे घाईने मानू नका (ती चूक मीही केली होती), कारण १९५९ च्या मानसशास्त्रज्ञ नेव्हिल मोरे यांच्या प्रयोगात त्याच दुर्लक्षित कानात आलेले स्वतःचे नाव सुमारे एक तृतीयांश लोकांनी ओळखले. म्हणूनच मानसशास्त्रज्ञ ॲन ट्रीझमन यांनी तो आवाज अडत नाही, केवळ क्षीण होतो, असे मांडले. २०१२ मध्ये अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूवर बसवलेल्या इलेक्ट्रोडच्या नोंदींतही, दोन आवाज एकत्र ऐकवले असताना, ज्याकडे लक्ष होते त्याचाच ठसा प्रामुख्याने आढळला.

डोळ्यांसमोरच्या लिखित शब्दाचे तसे नाही. निळ्या शाईने ‘लाल’ लिहा आणि शाईचा रंग विचारा. मानसशास्त्रज्ञ स्ट्रूप यांनी १९३५ मध्ये दाखवल्याप्रमाणे उत्तराला उशीर होईल, कारण वाचन टाळू म्हटल्याने टळत नाही. घरातल्या अक्षरओळख नसलेल्या मुलालाही विचारून पाहा. तो अडखळणार नाही.