पहिली जुनी गाडी घेताय? आधी बॉनेटवर हात ठेवा

कमी पैशांत छोटी गाडी घेऊन त्यावर शिकायचं ठरवलंत, चांगलं केलंत. फक्त जवळचे सगळे पैसे खरेदीत घालू नका. निदान पाचवा हिस्सा पहिल्या दुरुस्त्यांसाठी बाजूला ठेवा, लागतोच.

गाडी पाहायला जाल तेव्हा इंजिन थंड हवं. आधीच सुरू करून ठेवलं असेल तर बॉनेटला हात लावल्यावर कळेल. (मग सरळ दुसऱ्या दिवशी परत या.) गाडी सुरू करताना मागे कुणाला तरी उभं करा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर सुरुवातीला थोडा चालतो, पण इंजिन तापल्यावरही दाट येत राहिला तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) इंजिनच्या आत शिरत असणार. अशी गाडी कितीही स्वस्त मिळो, मी सोडून देतो.

नवखे रंगाला भुलतात. मीही भुललो होतो. चकाचक गाडीचे चारही टायर दगड झालेले निघाले. टायरच्या कडेवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. ते वाचा.

गाडी घरी आल्यावर:

- ऑइल आणि ऑइल फिल्टर लगेच बदला.
- टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवून ठेवणारा पट्टा) असेल आणि बदलल्याची पावती नसेल, तर तो बदललेलाच नाही असं धरा. बऱ्याच इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिनच खोलावं लागतं.
- ऑइल, कूलंट, टायरची हवा दर आठवड्याला बघा. गरम इंजिनाच्या रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका.

म्युझिक सिस्टिम नंतर. आधी ब्रेक.