सर्व्हिसिंगची कामं घटली, मग बिल का फुगलं?

प्रश्न : वडील त्यांची १९८८ ची प्रीमियर पद्मिनी घरीच सांभाळत. माझी २०२१ ची पेट्रोल गाडी वर्षातून एकदाच वर्कशॉपला जाते, तरी बिल भारी येतं. असं का? (एक वाचक, वाई)

उत्तर : हाताचं काम कमी झालं, हे खरं. पद्मिनीत दर चार-पाच हजार किलोमीटरला पॉइंट (प्लगच्या ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) घासून त्यांतली फट ०.४५ मिलिमीटरच्या आसपास आणावी लागे. प्लग साफ करणं, कार्बोरेटरची जेट फुंकणं, टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची फट जुळवणं), ग्रीस मारणं, बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालणं हे वेगळंच. त्याला पाने, फीलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या) आणि एक रविवार पुरे. आज पॉइंट नाहीत, कार्बोरेटर नाही. इरिडियम प्लग अनेक गाड्यांत लाखभर किलोमीटर जातात.

पण तेव्हा भाग दुरुस्त होत, आता ते बदलावे लागतात. तांब्या-पितळेच्या रेडिएटरची गळती डाग देऊन थांबायची. आताच्या अ‍ॅल्युमिनियम रेडिएटरची प्लास्टिकची टाकी तडकली, की बहुधा अख्खा रेडिएटरच नवा घ्यावा लागतो. म्हणून भाग बिघडूच न देणं आज जास्त मोलाचं. रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी घालू नका. क्षार साचतात, अ‍ॅल्युमिनियम गंजतं, इंजिन तापून हेड गॅस्केट (इंजिनचं डोकं आणि ब्लॉक यांमधलं सील) जातं. मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० हे पातळ ऑइल सांगितलं असेल तर तेच घाला. ‘जाड ऑइल चांगलं’ हा सल्ला जुन्या इंजिनांचा; आताच्या इंजिनातल्या बारीक वाटांतून ते थंडीत सकाळी लवकर पोचत नाही, मायलेजही घटतं. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. ते हवेतली ओल शोषतं, मग कमी तापमानाला उकळतं आणि पसरणीचा घाट उतरताना पेडल मऊ पडतं. तुमच्या भागात यात काटकसर नकोच.

इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग वगैरे मॅन्युअलच्या तक्त्यात नसेल आणि गाडीची तक्रारही नसेल, तर जॉब कार्डवर सही करण्याआधीच नको म्हणा.

प्रश्न : बीएस-६ डिझेल गाडी रोज चार किलोमीटर चालते. डीपीएफचा दिवा सारखा लागतो. (एक वाचक, पुणे)

उत्तर : डीपीएफ म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर. तो धुरातली काजळी अडवतो आणि सुमारे ६०० अंश सेल्सिअसला जाळतो. चार किलोमीटरमध्ये एवढी उष्णता टिकत नाही, जाळणं अर्ध्यात थांबतं. त्यासाठी सोडलेलं जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, ऑइल बदला.

दिवा पिवळा असेपर्यंत गाडी महामार्गावर न्या. वेगमर्यादा पाळून ताशी साठच्या वर, एक गिअर खाली ठेवून, आरपीएम दोन हजारांच्या वर राखत १५-२० मिनिटं सलग चालवा. मध्ये इंजिन बंद करू नका. दिवा लाल झाला किंवा गाडीची ताकद गेली, तर असं चालवू नका, वर्कशॉपला न्या. रोजचं अंतर एवढंच राहणार असेल, तर पुढची गाडी पेट्रोलचीच घ्या.