नवी बॅटरी टाकूनही गाडी कधी उचलते, कधी नुसतं ‘टक्’ करते. खरंच ईसीएम (इंजिनचा कंप्युटर) गेलाय का?

तुम्ही लिहिलंय की गाडी सात वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे आणि कांदिवलीला सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये उभी असते. आठवड्यातून दोन-तीनदा सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) मारला की एकदाच ‘टक्’ होतं आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी गाडी उचलते. तेव्हाच डॅशबोर्डवर एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) आणि स्टीअरिंगचे दिवे एकदम लागतात, गाडी बंद करून पुन्हा चालू केली की जातात. नवी बॅटरी टाकल्यावर चार दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. आता गॅरेजवाला ईसीएम बदला म्हणतोय.

ईसीएमचे पैसे एवढ्यात देऊ नका. आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल, म्हणजे बॅटरीला बॉडी आणि इंजिनशी जोडणारी, तपासून घ्या.

माझ्या गाडीला हाच त्रास पाच महिने होता. आम्ही माहीमला राहतो, समुद्र रस्त्यापलीकडे. बाबांना दर पंधरा दिवसांनी तपासणीला न्यायचं असायचं, आणि नेमकं त्या सकाळी ‘टक्’. बाबा मागच्या सीटवर फाईल मांडीवर घेऊन बसलेले, आणि मी चावी फिरवतेय. पहिल्या गॅरेजने बॅटरी बदलली, दुसऱ्याने सेल्फ उतरवून ब्रश नवे टाकले. दोन्ही वेळा आठवडाभर गाडी छान चालली. तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं की दोन्ही कामांसाठी बॅटरीची केबल सोडवून पुन्हा आवळली होती. गाडी बरी झाली ती केबल हलल्यामुळे. तुमचे ते चार बरे दिवसही मला तसेच वाटतात.

सेल्फ फिरताना साधारण शे-दीडशे अँपिअर करंट खेचतो. केबलच्या जोडात गंज चढून फक्त ०.०२ ओहमचा अडथळा आला, तरी १५० अँपिअरला ३ व्होल्ट तिथेच खाल्ले जातात. हेडलाईटचा ५५ वॉटचा बल्ब मात्र साडेचार अँपिअरच घेतो, त्याचा त्या जोडावर ०.१ व्होल्टही जात नाही. म्हणून दिवे लख्ख लागतात, हॉर्न खणखणीत वाजतो, आणि सगळे म्हणतात लाईन ठीक आहे. सेल्फ मारला की मात्र त्याच केबलमधून अर्थिंग (करंटची परतीची वाट) असलेल्या सगळ्या यंत्रणांना क्षणभर कमी व्होल्टेज मिळतं. एबीएस आणि स्टीअरिंगचे कंट्रोलर गडबडतात आणि आपापला दिवा लावतात. दोन-तीन यंत्रणा एकाच सकाळी आपापल्या कारणाने बिघडल्या असं क्वचितच होतं. एकदम दिवे लागले की आधी त्यांना मिळणारी लाईन आणि अर्थिंग बघायचं.

एक साधा डिजिटल मीटर घ्या, लॅमिंग्टन रोडला काही शे रुपयांत मिळतो. २० व्होल्ट डीसीवर ठेवा. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीवर १२.६ च्या आसपास दिसलं तर ती पूर्ण चार्ज आहे, १२.२ म्हणजे अर्धीच. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसलं तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज तयार करणारा) बॅटरी चार्ज करतोय. काही नव्या गाड्या हे व्होल्टेज मुद्दाम कमी-जास्त करतात, त्यामुळे एका आकड्यावरून अल्टरनेटरला दोष देऊ नका.

खरी परीक्षा सेल्फ मारतानाची. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक लावलेला. मी बाबांना ड्रायव्हर सीटवर बसवलं, क्लच दाबून चावी फिरवा म्हटलं, आणि स्वतः बोनेटखाली वाकले. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह शिशाच्या खांबावर टेकवली, क्लॅम्पवर नाही, अगदी खांबावरच. लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर. वायर आणि बाही पंख्या-पट्ट्यापासून लांब ठेवा. सेल्फ फिरताना इथे ०.२, फार तर ०.३ व्होल्ट दिसायला हवेत. मला १.९ दिसले. त्याच वेळी बॅटरीच्या दोन खांबांमध्ये ११ च्या वर होते, म्हणजे बॅटरी द्यायला तयार होती, केबलच नेऊ देत नव्हती. तिथे ९.६ च्या खाली गेलं असतं तर संशय बॅटरीवर घेतला असता. पॉझिटिव्ह बाजूलाही बॅटरीच्या खांबापासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत असंच मोजतात, तिथे ०.५ पर्यंत चालतं. दोन्ही बाजू चांगल्या निघाल्या आणि तरी ‘टक्’च होत असेल, तर सेल्फ किंवा त्याचा सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा स्विच).

मोजणं त्रास होत असतानाच करा. गाडी नीट उचलतेय तेव्हा मोजलंत तर सगळं चांगलंच दिसेल. मीटर डॅशबोर्डच्या खणातच ठेवा.

वायरमनने केबलचं काळं आवरण कापलं तेव्हा क्लॅम्पजवळ, जिथे तारा दाबून बसवलेल्या असतात, तिथे आतून हिरवी भुकटी निघाली. बाहेरून क्लॅम्प चकाकत होता, मीच दोनदा पॉलिश पेपरने घासला होता. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, ओल आतल्या तारांतून चढत गेलेली. नवी केबल टाकली, बॉडीवरचा बोल्ट घासून घट्ट केला, वर पेट्रोलियम जेली लावली. त्यानंतर पूर्ण पावसाळा गेला, एकदाही ‘टक्’ नाही.

गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावलाच तर कोड पुसण्याआधी फोटो काढून ठेवा. पी०५६२ म्हणजे सिस्टीमचं व्होल्टेज कमी. यू अक्षराने सुरू होणारे कोड म्हणजे कंट्रोलर एकमेकांशी बोलू शकले नाहीत. हे सापडले तर केबलचा संशय आणखी पक्का.

सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पेटत नाही, असं कधी झालं तर वाट वेगळी. गरम इंजिनवरच होत असेल तर क्रँक सेन्सर (इंजिन किती फिरलं ते सांगणारा), कोड बहुधा पी०३३५. चावीचा दिवा लुकलुकत असेल तर इमोबिलायझर (चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू न देणारी यंत्रणा), दुसऱ्या चावीने करून बघा. आणि उघड्या पार्किंगला उंदीर वायर कुरतडतात, तेही एकदा टॉर्चने बघा.

एक गोष्ट कोणी सांगितली तरी करू नका: ‘अल्टरनेटर तपासू या’ म्हणत चालू इंजिनवर बॅटरीचा टर्मिनल काढणं. तेव्हा व्होल्टेज एकदम उसळतं आणि आज धडधाकट असलेला ईसीएम खरोखर जाऊ शकतो.