तीन डेटाबेस, टूल कोणतं?

प्रश्न : आमच्या कामात मायएसक्यूएल, पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइट असे तीन डेटाबेस आहेत. ते बघायला-सांभाळायला कोणतं टूल घ्यावं?

उत्तर : तिन्ही एकाच ठिकाणी हवे असतील तर डीबीव्हरची कम्युनिटी आवृत्ती घ्या. मोफत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स कुठेही चालते. जावावर बेतलेली असल्यामुळे उघडायला जरा वेळ लावते, तरी मी रोज तीच वापरते. नुसती एसक्यूलाइटची फाइल बघायची तर डीबी ब्राउझर पुरे. पोस्टग्रेसचे यूजर, परवानग्या, बॅकअप यांसाठी पीजीअ‍ॅडमिन हाताशी असू द्या.

पण प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरला जोडताना माझं एक ऐकाच. त्या कनेक्शनला ओळखू यावं म्हणून लाल रंग द्या आणि ऑटो-कमिट, म्हणजे प्रत्येक बदल लगेच आपोआप पक्का होणं, बंद करा. अपडेट लिहिताना व्हेअर (कोणत्या ओळी बदलायच्या ती अट) राहून गेलं आणि बदललेल्या ओळींचा भलताच आकडा दिसला, तर रोलबॅक करता येतं, म्हणजे बदल मागे घेता येतो. मात्र मायएसक्यूएलमध्ये ड्रॉप टेबल (अख्खं टेबल काढून टाकणं) रोलबॅक होत नाही. पोस्टग्रेसमध्ये ट्रान्झॅक्शन उघडं असेपर्यंत, म्हणजे बदल पक्के केलेले नसेपर्यंत, होतं.

ज्यांना फक्त डेटा बघायचाय, त्यांना केवळ सिलेक्टची (डेटा वाचण्याची) परवानगी असलेला वेगळा यूजर द्या. टूलमधला रीड-ओन्ली पर्याय ज्याचा तो काढू शकतो, डेटाबेसमधली परवानगी मात्र त्याला स्वतः बदलता येत नाही.